कुवेतच्या शाळेतला अर्ज आणि गावाकडचे कागद



आपल्या पत्रिकेत विद्यानिधीचे आवाहन नेहमी येते. या वेळी मी पैशांआधी कागद मागणार आहे. कुवेतच्या अब्बासिया भागातल्या एका भारतीय शाळेत मी शिकवते. गुरुवारी शाळा सुटल्यावर (इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची) संगणकाच्या खोलीत बसून बारावीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि फीसवलतीचे अर्ज भरून घेते. हे काम शाळेतच का? घरी आई-वडील दोघेही कामावर असतात. मूल मोबाइलवर अर्धा अर्ज भरते, एखादा कागद सापडत नाही आणि मुदत उलटून जाते. शाळेत गुणपत्रिका, बोनाफाइड, स्कॅनर, शिक्का सगळे हाताशी असते.

केंद्र सरकारने 2006-07 मध्ये परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती सुरू केली. भारतात पदवी घेताना खर्चाचा काही भाग, वर्षाला जास्तीत जास्त 4000 डॉलर, त्यातून मिळतो. सुरुवातीच्या 100 शिष्यवृत्त्या पुढे 150 झाल्या. त्यांतल्या 50 ईसीआर देशांतल्या, म्हणजे ज्या 18 देशांत कामाला जाण्यासाठी सरकारी परवानगी लागू शकते अशा देशांतल्या, भारतीय कामगारांच्या मुलांसाठी ठेवल्या. कुवेत त्यात आहे. आपल्यासाठी महत्त्वाचे हे, की बाप आखातात आणि मूल भारतात शिकते आहे, अशांनाही त्यात वाटा आहे. जानेवारी 2024 पासून कुटुंबाला कुवेतला आणायचे तर पगार 800 दिनार लागू लागला. त्यामुळे कितीतरी मुले आपल्याकडेच आजी-आजोबांजवळ वाढतात. ‘ते परदेशातल्यांसाठी, आपल्यासाठी नाही’ असे म्हणून ही मुले अर्जच करत नाहीत. दरवर्षीची जाहिरात आली की अटी तेवढ्या नीट वाचाव्यात.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशात एक खूण फार महाग पडते. एनआयटीसारख्या संस्थांत ‘डासा’ योजनेतून जादा जागा असतात आणि त्यांची फी डॉलरमध्ये, सत्राला 4000 डॉलरच्या घरात. पण त्याच योजनेत आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत आणि त्यांना भारतातल्या मुलांइतकीच शिक्षण फी पडते. चौकट चुकीची निवडली तर बापाची वर्षाची कमाई एका सत्रात जाईल. म्हणून मी तो पडदा मुलाला दोनदा मोठ्याने वाचायला लावते.

महाराष्ट्रात 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा. इथे उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो आणि त्यात मुलाचा आखातातला पगार धरावा लागतो. तो लपवून दाखला काढून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. पुढे पडताळणीत मुलीचेच नुकसान होते.

आता तुमची मदत. पहिली गोष्ट नावांची. पासपोर्टवर एक स्पेलिंग, इथल्या सिव्हिल आयडीवर अरबीतून आलेले दुसरे, गुणपत्रिकेवर बापाचे नाव आहे तर आडनाव नाही. अशा वेळी घरातला जुना शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला किंवा रेशनकार्ड कामी येते. ट्रंक उघडून पाहावी, फोटो काढून मुलाला पाठवावा.

दुसरी गोष्ट आधारची. महाडीबीटीची रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मुलांना 2019 पासून 182 दिवस न थांबता आधार काढता येते, पण त्यासाठी भारतात यावे लागते. मुले उन्हाळी सुट्टीत गावी येतात, तेव्हा देवदर्शनासोबत हेही काम करून घ्यावे.

तिसरी गोष्ट, आणि इथेच गुरुवारी आमचा अर्धा तास जातो, ती ओटीपीची. आधारला जोडलेला नंबर बहुधा आजोबांचा असतो. इकडे मूल पडद्यासमोर बसलेले आणि तिकडे आजोबा दुपारची झोप घेत असतात! नातवंडांशी वेळ आधी ठरवावी. मात्र आपल्या नातवाचा आवाज फोनवर ओळखू येत असेल, तेव्हाच तो आकडा सांगावा. शाळेतून किंवा बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला सांगू नये. मी फोन केला तरी मलाही नाही.

महसूल खात्यातून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या सभासदांनी महिन्यातून एक सकाळ देवस्थानच्या कार्यालयात बसून ही कागदपत्रे तपासून द्यावीत, अशी विनंती आहे. कुवेतमध्ये परवानगीशिवाय देणगी गोळा करता येत नाही, म्हणून इथून आम्ही वेळच देऊ शकतो. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात आणि कॉलेज पहिला हप्ता आधी मागते. विद्यानिधीतून त्या मधल्या महिन्यांपुरती उसनवार मिळाली तर मोठा आधार होईल. ज्यांना देणे शक्य आहे त्यांनी कार्यालयात पावती घेऊन द्यावे. नातवंडांची नावे आणि असलेले कागद मे अखेरपर्यंत कार्यालयात नोंदवावेत, म्हणजे मुले सुट्टीत आली की तहसीलला एकच खेप पडेल.