वेडाला लाभलेले सत्य

ग्रेग मोटोला दिग्दर्शित ‘पॉल’ (२०११) ह्या विनोदी चित्रपटात विज्ञानकथांचे वेड असलेले दोन इंग्रज मित्र अमेरिकेच्या प्रवासास निघतात आणि वाटेत त्यांना खराखुरा परग्रहवासी भेटतो. ज्याचा आयुष्यभर ध्यास घेतला तो समोर येताच क्लाइव्ह मूर्च्छित पडतो. पॉल मात्र शिवराळ, थट्टेखोर, अगदी घरोब्याचा निघतो. परंतु येथील विनोद केवळ ह्या विसंगतीत नाही. १९४७ पासून अमेरिकी शासनाच्या ताब्यात असलेल्या पॉलचाच सल्ला स्पीलबर्गने ‘ई. टी.’साठी घेतला, असे कथानक सांगते. म्हणजे रसिकांनी जिच्यावर प्रेम केले ती प्रतिमा त्याचीच छाया होय. लेखक-अभिनेते सायमन पेग व निक फ्रॉस्ट वेडाची थट्टा करता करता त्याला सत्याचे अधिष्ठान देतात. म्हणूनच हे विडंबन उपहासाकडे न झुकता स्नेहाकडे वळते.