पांढऱ्या सोन्याची नाकेबंदी

वऱ्हाडातल्या कारंजा (लाड) इथला कापूस बाजार 1886 मध्ये सरकारी नियमांखाली आला. देशातला अशा प्रकारचा हा पहिला बाजार मानतात. त्यामागे कास्तकाराचा कळवळा नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861-65) तिकडचा कापूस अडकला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले होते. त्यांना भेसळ नसलेला, स्वच्छ माल हवा होता आणि वेळेवर हवा होता. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच झाला. शेतकऱ्याला माप खरे मिळू लागले, हे चांगलेच झाले. पण तो वरकड लाभ होता.

खुला बाजार हवा की सरकारी नियंत्रण, यावर आपल्याकडे हिरिरीने भांडणारे दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात: नियंत्रण म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूने टाकलेले वजन. कापसाच्या इतिहासात ते वजन बहुतेक वेळा दुसऱ्याच पारड्यात पडलेले दिसते.

महाराष्ट्राने कापसावर जो प्रयोग केला, तसा दुसऱ्या कोणत्याही राज्याने केला नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1971 मध्ये कायदा झाला आणि 1972-73 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यात पिकलेला कापूस शेतकऱ्याने सरकारी यंत्रणेलाच विकायचा. खासगी व्यापाऱ्याने तो घ्यायचा नाही. पुढे या कामाची धुरा कापूस पणन महासंघाकडे आली.

योजनेमागचा विचार मात्र भक्कम होता. दसरा-दिवाळीला पहिली वेचणी झाली की सगळ्यांनाच पैशांची निकड असते. एकाच वेळी गाड्या बाजारात येतात, भाव पडतो आणि मार्चनंतर तो चढतो तेव्हा माल व्यापाऱ्याच्या गोदामात असतो. मग सगळा कापूस एकत्र करावा, त्याची सरकी-रुई वेगळी करावी, गाठी बांधून वर्षभर सावकाश विकाव्यात आणि वरचा नफा शेतकऱ्यांत वाटावा. नफ्यातला काही भाग चढउतार निधीत टाकावा, म्हणजे मंदीच्या वर्षी तो उपयोगी पडेल. कागदावर यात खोट काढणे कठीण आहे.

खोट संकलन केंद्रावर दिसू लागली. ग्रेडरने कापसात हात घालून प्रत ठरवायची आणि तिच्यावर भाव ठरायचा. दुसरा गिऱ्हाईकच नसल्याने ग्रेडरचा शब्द अखेरचा. गाड्यांच्या रांगा लागत. त्याहून मोठे दुखणे चुकाऱ्यांचे. पैसे हप्त्याहप्त्याने, उशिराने येत आणि पीककर्जाची वसुली त्यातून परस्पर कापली जाई. किराणा उधार, पोरीचे लग्न तोंडावर, अशा वेळी खेडा खरेदीवाला दोन पैसे कमी देऊन का होईना, रोख मोजत असे. कायद्याने तो चोर ठरला, तरी गरजवंताला तोच जवळचा वाटे.

आणि मग सीमा. आदिलाबाद, बऱ्हाणपूर, सेंधवा ही गावे नकाशावर परराज्यात असली तरी कापसाच्या दृष्टीने शेजारचीच. तिकडे भाव चढला की इकडचा कापूस रात्री नाके चुकवून तिकडे जाई. शेतकरी स्वतःच्या शेतातला माल नेताना पकडला जाई आणि त्याच्यावर तस्करीचा शिक्का बसे! तिकडे भाव पडला की उलटा प्रवाह सुरू होई. परराज्यातला कापूस महाराष्ट्राचा म्हणून आपल्या केंद्रांवर ओतला जाई. म्हणजे तेजीत महासंघाला माल कमी आणि मंदीत नको तितका. अशा व्यवहारात चढउतार निधी भरणार कसा?

एक परिणाम योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा. भाव ठरवणारे एकटे सरकार उरले की भावासाठीचा मोर्चाही सरकारच्याच दारात येतो. डिसेंबर 1986 मध्ये हिंगोलीजवळ सुरेगाव इथे शेतकरी संघटनेच्या कापूस आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शेतकरी मारले गेले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याने केंद्राच्या हमीभावाहून चढे दर जाहीर करायला सुरुवात केली. जगात रुई स्वस्त होत असताना इथे मतांकडे पाहून भाव ठरत होता. तोटा हजारो कोटींवर गेला आणि 2002 च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी करून द्यावी लागली. माझ्या मते योजनेतली एकत्रित विक्री बरोबर होती, सक्ती चूक होती. सक्ती नसती तर महासंघाला ग्रेडर सुधारावे लागले असते आणि चुकारेही वेळेवर द्यावे लागले असते.

त्यानंतर बाजार खुला झाला, असे म्हणतात. देशातल्या देशात झालाही. पण एप्रिल 2010 मध्ये कापूस निर्यातीची नोंदणी थांबवण्यात आली, मार्च 2012 मध्ये निर्यातबंदी आली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतली गेली. 2021-22 च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला, तर एप्रिल 2022 मध्ये रुईवरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले. ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा तेच घडले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत माफी, म्हणजे नेमकी आपली वेचणी चालू असतानाच. कारण सांगितले गेले ते वस्त्रोद्योगाच्या अडचणीचे. अडचण खरी होती. अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर लावला होता. पण तिचा भार कोणी उचलायचा हे न विचारताच ठरले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये होता आणि खासगी खरेदी त्याच्या खाली चालली होती. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर जावे, तर आधी ॲपवर नोंदणी आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत.

एकाधिकार गेल्याचे मला दुःख नाही. मात्र आता शेतकऱ्याने विकायला मोकळे असावे आणि भाव चढू लागताच सरकारने दार उघडून बाहेरचा माल आत घ्यावा, याला खुला बाजार म्हणायला मी तयार नाही. कापसाचे आयात-निर्यात धोरण मे महिन्यात, पेरणीपूर्वी जाहीर करावे आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत त्यात बदल करू नये. सीसीआयची केंद्रे दसऱ्याला उघडावीत. विदर्भ-मराठवाडा-खानदेशातल्या आमदार-खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून एवढ्या दोन मागण्या तरी लावून धराव्यात.