जात्यावरचे दप्तर

रुमानियातील 'दोइना' हा गानप्रकार एकट्याने, श्रोत्यांची अपेक्षा न धरता, मनात येईल तसा वाढवीत गायचा असतो. बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडत रुमानियन लोकांची हजारो गीते टिपली आणि २००९ साली युनेस्कोने दोइनेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अशाच एका श्रोतृनिरपेक्ष कलेचे माहेर दिंद्रुडसारख्या बीड जिल्ह्यातील गावांत आहे. ती कला म्हणजे जात्यावरची ओवी.

निजामी अमलापासून चालत आलेल्या महसुली दप्तरात जमिनीची प्रत, सारा आणि खातेदाराचे नाव यांची नोंद असे. पण त्या खातेदाराच्या घरी सून म्हणून आलेल्या बाईचे सुखदुःख नोंदवणारे दप्तर उघडत असे ते पहाटे, जात्यापाशी. दोघीजणी समोरासमोर बसत, खुंट्याला हात घालत, जात्याच्या तोंडात ज्वारीची वैरण पडे आणि वरची तळी फिरू लागली की तिच्या लयीवर ओवी चढे. आधी देवादिकांची नावे, मग आईबाप, भाऊ, लेकरू; आणि सासरचा जो जाच दिवसाउजेडी उच्चारता येत नसे तोही त्या घरघरीच्या आडोशाने बोलून टाकला जाई.

साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्या संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या ओवीसंग्रहाच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्ध यांचे स्तवन आहे. १९५६ च्या बौद्ध धर्मांतराने त्यांच्या समाजाची श्रद्धा पालटली, तरी नवे दैवत त्या स्त्रियांनी जुन्याच छंदात बसवले, ही गोष्ट लोककलेला अचल मानणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

पिठाच्या गिरणीने बायकांचे कष्ट वाचवले, ते बरेच झाले. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचा अधिकार ते न उपसणाऱ्यांना नाही. मात्र दळण घराबाहेर गेल्यावर ओवीची हक्काची जागाही गेली. आता लग्नघरी हळद दळताना जात्याची पूजा होते, तेव्हा वडीलधाऱ्या बाया दोनचार ओव्या म्हणतात. संग्रहातील ओव्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतील. परंतु ओवीत नवी भर पडायची असेल, तर अशा प्रसंगी नातसुनेनेही खुंट्याला हात लावून स्वतःचे दोन शब्द त्यात घालायला हवेत.