टोमॅटोचा तळ काळा का पडतो?

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या काळ्या मातीत चुनखडी असते, म्हणजे कॅल्शियमला तोटा नाही. तरीही हीच माती कुंडीत भरून शेडनेटखाली टोमॅटो लावला, की अनेकदा फळाचा तळ काळा पडून सडतो. कारण, फळाला कॅल्शियम मिळालेले नसते. हा रोग नव्हे; बुरशीनाशक फवारून तो थांबत नाही.

कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढते. पानांतून पाण्याची वाफ सतत उडते, त्यामुळे ओघ तिकडेच जातो. फळातून वाफ फारशी उडत नाही, म्हणून कुंडीला पाण्याचा ताण बसला की आधी फळाचे टोक उपाशी राहते. शिवाय काळी माती वाळली की आकसते. कुंडीच्या कडेला फट पडते आणि नंतर दिलेले पाणी तिथून सरळ खाली निघून जाते; मुळे कोरडीच राहतात. म्हणून मातीत कुजलेले शेणखत आणि कोकोपीट मिसळावे. झाडामागे 15 ते 20 लिटरची, तळाला भोके असलेली कुंडी घ्यावी, वर पाल्याचे आच्छादन घालावे. पाणी थोडे, पण नेमाने द्यावे. आधी ताण आणि मग भरमसाट पाणी, यानेच फळे तडकतात.

दुसरी तक्रार फूलगळीची. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले आणि रात्रीही उकाडा राहिला, की परागकण निकामी होऊ लागतात. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 40 अंश ओलांडतो. त्यामुळे रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावावीत, म्हणजे फुलोरा थंडीत येतो.

थंडीतही जाळीआड फुले गळतात, त्याचे कारण वेगळे. टोमॅटोचे पराग नळीसारख्या परागकोशात असतात. हादरा बसल्याशिवाय ते नीट सुटत नाहीत. उघड्यावर हे काम वारा आणि अंग थरथरवणारे भुंगे करतात. जाळीत दोन्ही नाहीत. तेव्हा सकाळी ऊन चढल्यावर आधाराची सुतळी हलकेच हलवावी.

पांढरी माशी मात्र खरा शत्रू. पाने मुरडणारा विषाणू तीच पसरवते. साध्या शेडनेटमधून ती सहज शिरते. तिच्यासाठी बारीक विणीची कीटकरोधक जाळी आणि पिवळे चिकट सापळे लागतात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ हे संकरित वाण या विषाणूला, जिवाणूजन्य मर रोगाला आणि लवकर येणाऱ्या करप्याला तोंड देते.

औषधाच्या दुकानात जाण्याआधी बोट मातीत खुपसून ओल पाहावी, फुले हलवावीत, पान उलटून माशी शोधावी. अनेक तक्रारींचे उत्तर बाटलीत नसते, रोजच्या लक्ष देण्यात असते.