डिफरन्शियलचं वजन आणि त्याचा पीळ

"दादा, एवढं लोखंड या काडीच्या सांगाड्याला पेलवेल का रे?" मामेभावाने विचारलं तेव्हा फोर्ड सिएराचं डिफरन्शियल त्याच्या कॉव्हेंट्रीच्या गॅरेजमध्ये फरशीवर पडलं होतं. इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारं, ओतीव लोखंडाचं, तीसेक किलोंचं ते धूड जुन्या गिअर ऑइलच्या उग्र वासात माखलेलं होतं. शेजारच्या स्टँडवर सांगाडा होता, 25 मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांचा. नळीच्या पत्र्याची जाडी जेमतेम 1.6 मिलिमीटर. दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्यावर कुणाच्याही मनात हाच प्रश्न येईल. घरी गाडी बांधणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमजही इथेच सुरू होतो, कारण वजन डोळ्यांना दिसतं आणि पीळ दिसत नाही.

इंग्लंडमध्ये असं घरी गाडी बांधणं जुनं आहे. 1957च्या लोटस सेव्हनपासून ही परंपरा नीट रुजली. 1996मध्ये रॉन चॅम्पियन यांनी 250 पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायचं पुस्तक लिहिलं. त्यात जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा अखंड मागचा ॲक्सल वापरलेला होता. एस्कॉर्ट भंगारातही मिळेनाशा झाल्या तशी मंडळी सिएराकडे वळली, आणि 2007मध्ये ख्रिस गिब्ज यांचं सिएराच्या भागांवर बेतलेलं पुस्तक आलं. या बदलात एक मूलभूत फरक झाला. एस्कॉर्टचं डिफरन्शियल ॲक्सलबरोबर चाकांसोबत वरखाली होत असे. सिएराचं डिफरन्शियल चासीलाच घट्ट धरलेलं असतं आणि चाकं आपापली वेगळी हलतात.

म्हणूनच "जड डिफरन्शियल म्हणजे गाडी खड्ड्यात आपटणार" हे बरोबर नाही. खड्ड्यात चाकाबरोबर जे वजन उसळतं, त्याचा त्रास होतो. चासीला धरलेलं डिफरन्शियल स्प्रिंगच्या वरच्या बाजूला असतं. त्यामुळे अखंड ॲक्सल चाकाला जितका रस्त्यावरून उचलतो, तितका हे जड डिफरन्शियल उचलत नाही. तीस किलो वाढल्याने वेग घेताना फरक पडतो, हे खरं. पण ते वजन खाली आणि मागच्या चाकांच्या रेषेत असतं, म्हणजे जिथे पकड हवी तिथेच.

आता खरा प्रश्न. सांगाड्यावरचा सगळ्यात मोठा भार कोणता? मी भावाला तिथेच खडूने फरशीवर हिशेब मांडून दाखवला. इंजिनचा जोर 150 न्यूटन-मीटर धरू. पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.65, डिफरन्शियलचं 3.92. गुणाकार केला की चाकांपाशी जवळपास 2,150 न्यूटन-मीटर येतात. पण एवढा जोर रस्त्यावर पोचण्याआधीच टायर घसरतात, म्हणून टायरच्या पकडीचा हिशेब धरायचा. मागच्या दोन चाकांवर मिळून 400 किलो भार, चाकाची त्रिज्या 29 सेंटिमीटर, आणि कोरड्या रस्त्यावर पकड भाराइतकीच. ही पकड डिफरन्शियलच्या केसिंगला उलट्या दिशेने पिळते, म्हणजे त्याचं नाक वर उचलू पाहते. पुढचे आणि मागचे बोल्ट एकमेकांपासून 25 सेंटिमीटरवर असतील तर पुढच्या बोल्टांना वरच्या दिशेने साधारण 460 किलोंची ओढ बसते आणि मागच्यांना खालच्या दिशेने तेवढीच.

तीस किलो वजन आणि 460 किलोंची ओढ. क्लच झटक्यात सोडला तर त्या क्षणापुरती ती याहूनही वाढते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन ब्रेक लावतं आणि हीच ओढ उलटी फिरते. शहरातल्या एका फेरीत हे शेकडो वेळा होतं. ब्रॅकेट तुटतं ते या मागेपुढे होणाऱ्या पिळामुळे, वजनामुळे नाही. डिफरन्शियल खालून जॅकवर टेकवून "बघा, सांगाडा वाकला नाही" असं म्हणणाऱ्याने खरी चाचणी घेतलेलीच नसते.

ब्रिटनमध्ये कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतींत बरेच जण जॅग्वारचं मागचं युनिट बसवतात, तिथे आणखी भार वाढतात. 1961मध्ये ई-टाइप आणि मार्क टेनबरोबर आलेल्या या रचनेत चाकाकडे जाणारा शाफ्ट सस्पेन्शनचा वरचा दांडाही असतो. वळणावर चाकाला बसणारा आडवा रेटा शाफ्टमधून थेट डिफरन्शियलवर येतो. ब्रेकच्या डिस्कही डिफरन्शियललाच चिकटलेल्या असतात, त्यामुळे ब्रेकचा पीळही तिथेच. जॅग्वारने हे सगळं पोलादी पिंजऱ्यात बसवून रबराच्या माउंटांवर टांगलं होतं. पिंजरा काढून ते थेट नळ्यांना बोल्ट करायचं असेल, तर पिंजऱ्याची सगळी कामं आपल्या सांगाड्याने करायची आहेत, हे आधी कागदावर उतरवावं.

"मग जाड पट्टी वेल्ड करू" हा पुढचा गैरसमज. 6 मिलिमीटरची पट्टी 1.6 मिलिमीटरच्या नळीच्या मधोमध वेल्ड केली की पट्टी शाबूत राहते आणि वेल्डच्या कडेला नळी तडकते. नळी लांबीच्या दिशेने भरपूर ओढ सोसते, पण मध्यावर आडवा भार आला की वाकते. म्हणून ब्रॅकेट नळ्या जिथे एकत्र येतात त्या सांध्याजवळ हवं, आणि तिथून तिरप्या नळ्यांनी त्रिकोण करून भार पुढे न्यायला हवा. बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला असावा, एकाच कानात लोंबकळता नको. पोकळ नळीतून बोल्ट न्यायचा असेल तर आत स्लीव्ह वेल्ड करावी लागते. आम्ही एका जागी ती विसरलो होतो. पाना शेवटच्या पाव फेरीला आला तेव्हा नळीच्या दोन्ही भिंती आत दबताना दिसल्या. ती नळी कापून पुन्हा बसवावी लागली.

रबरी बुश काढून सगळं घट्ट केलं तर गाडी चांगली चालते, असंही ठामपणे सांगितलं जातं. रेसच्या गाडीत ते चालतं. रस्त्यावरच्या गाडीत डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरांचा आवाज पोकळ नळ्यांमधून ढोल वाजवल्यासारखा कानाशी येतो. शिवाय सांगाडा थोडा पिळवटतोच. तो पीळ ओतीव लोखंडाच्या कानांवर येतो, आणि ओतीव लोखंड वाकत नाही, तडकतं. सर्वांत वाईट म्हणजे पुढे घट्ट आणि मागे रबर. मग सगळा भार घट्ट बाजू एकटी घेते.

मांडणीबद्दलही दोन गोष्टी. केसिंग सांगाड्याच्या मध्यावर आलं म्हणजे डिफरन्शियल मध्यावर आलं असं नसतं. केसिंग दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. मोजमाप दोन्ही शाफ्टच्या फ्लँजपासून हबपर्यंत घ्यावं. दुसरी गोष्ट, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच सरळ रेषेत असलेच पाहिजेत हा समज. दोन्हीकडचे फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, एवढीच अट आहे. त्यांना जोडणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा यू-जॉइंट कोनात फिरताना एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. 10 अंशांवर हा चढउतार दीड टक्क्यापर्यंत जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले की एकाचा चढउतार दुसरा रद्द करतो. कोन अगदी शून्य असेल तर जॉइंटच्या क्रॉसवरच्या बेअरिंगच्या सुया जागच्या जागी राहून खाचा पाडतात. एक ते तीन अंश ठेवलेले बरे.

बसवताना भावाने जॅक पुढे सरकवला, मी थांबवलं. सांगाडा दोघांना उलटा करता येईल इतकाच जड होता. तो उलटा करून डिफरन्शियल वरून सोडलं की बोटं अडकत नाहीत आणि भोकं डोळ्यांसमोर येतात. आतले भाग काढलेलं मोकळं केसिंग बोल्ट करून ब्रॅकेटला टॅक मारले, मापं दोनदा तपासली, मगच पूर्ण वेल्ड केलं. वेल्ड थंड होताना ब्रॅकेट ओढून घेतं, म्हणून केसिंग जागेवर हवं. पण ते मोकळंच हवं, कारण भरलेल्या डिफरन्शियलमधून वेल्डिंगचा करंट गेला तर बेअरिंगवर डाग पडतात आणि उष्णतेने सील जळतात.

ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणायची तर आधी एका गाडीपुरती स्वतंत्र सरकारी तपासणी असते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणी झालेल्या गाडीत मूळ तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करतं, त्यामुळे पुण्या-मुंबईत हे काम अंगणात करून थेट रस्त्यावर उतरवता येत नाही. तरी अलिबागजवळ लोटस सेव्हनच्या वळणाची चिंकारा रोडस्टर बनली होती, 1.8 लिटरच्या इसुझू इंजिनाची. हे ज्ञान आपल्याकडे नाही असं कुणी समजू नये.

गाडी चालू झाली तेव्हा आम्ही प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. शंभर किलोमीटरनंतर भाऊ टॉर्च घेऊन खाली शिरला. मागच्या रेघा सरळ होत्या. पुढच्या उजव्या बोल्टची रेघ दोन मिलिमीटर सरकली होती. त्याने काही न बोलता हात बाहेर काढून टॉर्क पाना मागितला.