बालस्कीपटूचे शिरस्त्राण

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची आपली रीत शहाणपणाची खरी. परंतु गुलमर्गच्या बर्फाळ उतारावर स्कीइंगला निघालेल्या मुलाचे हेल्मेट त्या हिशेबाने घेणे घातक होय. सैल हेल्मेट पडतेवेळी मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते. भुवयांच्या किंचित वरून फितीने डोक्याचा घेर मोजावा व नेमके त्याच मापाचे घ्यावे. आत लोकरीची टोपी नको. ‘ईएन १०७७’ या युरोपीय मानकाची खूणही पाहावी. आतील फेसाचे कठीण अस्तर स्वतः चिरडून आघात शोषते. एकदा दबलेले ते बहुधा पूर्ववत होत नाही. म्हणून जोराच्या आपटीनंतर, वरून तडा दिसत नसला तरी, हेल्मेट बदलावे. जुने हेल्मेट स्वस्तात मिळेलही. पण त्याने पूर्वी किती आपट्या सोसल्या, हे कोण सांगणार?