पाड्यावर चित्रफीत दाखविताना : छोट्या प्रोजेक्टरची निवड व वापर



चारसूत्री भात लागवडीतील चौथे सूत्र तोंडी सांगून समजत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. लावणी १५-२५ सें.मी. अशा जोडओळींत करावी आणि त्याच दिवशी, १५ × १५ सें.मी. अंतरावरील चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सें.मी. खोल खोचावी, अशी शिफारस आहे. ऐकताना सारे मान डोलावतात. पण कोणते चार चूड, कोणता चौकोन सोडायचा आणि बोट किती खोल घालायचे, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच उमगते. म्हणून अलीकडे बचत गट आणि शेतकरी गट पिशवीत मावणारा छोटा प्रोजेक्टर घेऊ लागले आहेत. गटाचा पैसा घामाचा असतो. तो वाया जाऊ नये, यासाठी ही माहिती.

आमची चूक

प्रथम आमचीच फसगत सांगतो. जूनचा महिना होता. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत असलेल्या एका पाड्यावर आम्ही सायंकाळी ६ वाजता सभा ठेवली. सोबत नवा प्रोजेक्टर होता. खोक्यावर '९,००० ल्युमेन' असे ठळक छापलेले होते. अंगणात चादर बांधली, यंत्र सुरू केले, पण चादरीवर काहीच दिसेना. जूनअखेर आपल्याकडे सूर्य सव्वासातनंतर मावळतो आणि पुरेसा अंधार पडायला पावणेआठ होतात. तोवर बहुतेक भगिनी चुलीकडे परतल्या. चित्र दिसू लागले तेव्हा बॅटरी उतरली. पुन्हा जाण्याचा योग आला, तोपर्यंत लावणी उरकली होती. त्या हंगामात पाड्यावर खत नेहमीप्रमाणे फोकूनच दिले गेले. बारवीचे पाणी उल्हासनगरसारख्या खालच्या शहरांना जाते, पण वरच्या अंगाच्या या पाड्यांवर भाताचे एकच पावसाळी पीक हाती लागते. तिथे एक हंगाम हुकणे म्हणजे वर्ष हुकणे. यात दोष यंत्राचा थोडा आणि आमचा अधिक होता.

१) प्रकाशाचा हिशेब

प्रोजेक्टरचा प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. खोक्यावरील मोठा आकडा बहुधा आतल्या दिव्याचा किंवा नुसता जाहिरातीचा असतो. पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून काढलेल्या प्रकाशाला 'आन्सी ल्युमेन' म्हणतात. हाच आकडा विचारावा. काही कंपन्या 'आयएसओ ल्युमेन' असाही आकडा देतात, तोही चालेल. दोन्हीपैकी एकही आकडा दिलेला नसेल, तर तो प्रोजेक्टर घेऊ नये.

आता साधे गणित पाहू. १ ल्युमेन प्रकाश १ चौरस मीटर पडद्यावर सारखा पसरला, की तिथे १ लक्स उजेड पडतो. ६० इंची चित्र (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे माप) सुमारे १ चौ. मीटर भरते. म्हणजे १०० आन्सी ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर सुमारे १०० लक्स उजेड देतो. तेच चित्र १२० इंची केले, तर पडदा ४ चौ. मीटर होतो आणि उजेड २५ लक्सवर येतो. चित्र दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. सूर्य मावळण्यापूर्वी उघड्या अंगणात सावलीतही हजारो लक्स उजेड असतो. त्यापुढे १०० लक्सचा काय टिकाव लागणार? उलट पौर्णिमेचे चांदणे अर्धा लक्सही भरत नाही. त्याची अडचण होत नाही.

यावरून असे ठरवावे : रात्री, २५ ते ३० माणसे आणि ६० इंची चित्र असेल, तर १०० ते २०० आन्सी ल्युमेन पुरतात. दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्या झाकून दाखवायचे असल्यास ५०० किंवा अधिक घ्यावेत.

२) चित्राची स्पष्टता

'१०८० पी चालते' याचा अर्थ यंत्र तशी फिल्म स्वीकारते, एवढाच. दाखवताना ते मूळ क्षमतेइतकेच बारकावे दाखवते. म्हणून मूळ क्षमता विचारावी. ८५४ × ४८० मध्ये मोठ्या हालचाली ठीक दिसतात. करप्याचे ठिपके किंवा तुडतुडे ओळखू यायचे असतील, तर १२८० × ७२० पेक्षा कमी घेऊ नये.

३) बॅटरी

पुष्कळ स्वस्त प्रोजेक्टरना बॅटरीच नसते, ते फक्त विजेवर चालतात. बॅटरी असल्यास तिची ताकद वॅट-तासांत काढावी. उदाहरणार्थ, ३.७ व्होल्टची १०,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३७ वॅट-तास. यंत्राला २० वॅट लागत असतील, तर कागदावर पावणेदोन तासांहून थोडे अधिक निघतात. प्रत्यक्षात सव्वा तासच धरावा. बॅटरीवर चालताना काही यंत्रे प्रकाशही कमी करतात. तुलनेसाठी, बॅटरीच्या फवारणी पंपातील १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९६ वॅट-तास असतात. मात्र व्होल्ट जुळल्याची खात्री केल्याशिवाय कोणतीही बाहेरची बॅटरी किंवा पॉवर बँक जोडू नये, यंत्र जळते.

४) खरेदी करताना

आपली चित्रफीत पेन ड्राइव्हवर घालून दुकानात न्यावी आणि तीच चालवून पाहावी. निदान २० मिनिटे यंत्र चालू ठेवावे. मधला भाग आणि चारही कोपरे एकाच वेळी स्पष्ट दिसतात का, पंख्याचा आवाज बोलण्याच्या आड येतो का आणि यंत्र फार तापते का, हे तपासावे. आन्सी ल्युमेनचा आकडा आणि हमीची मुदत पावतीवर लिहून घ्यावी.

५) पाड्यावर मांडणी

* कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली भिंत प्रकाश शोषून घेते. चुना दिलेली भिंत उत्तम. ती नसेल तर जाड पांढरे कापड सुरकुती न पडता ताणून बांधावे. पातळ चादरीतून निम्मा उजेड मागे निघून जातो.
* प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवावा. तिरपा ठेवून बटणाने चित्र चौकोनी केल्यास स्पष्टता घटते.
* यंत्र गोणपाटावर किंवा गादीवर ठेवू नये, हवेची भोके बुजतात. पाट किंवा स्टूल वापरावे.
* आतला भोंगा अंगणात पुरत नाही. वायरने जोडलेला वेगळा स्पीकर न्यावा.
* नेटवर्कच्या भरवशावर जाऊ नये. चित्रफीत आधी उतरवून घ्यावी आणि आदल्या दिवशी त्याच यंत्रावर चालवून पाहावी.
* पावसाळ्यात उजेडावर किडे येतात. पडद्यापासून दूर दुसरा दिवा लावल्यास त्यांचा त्रास कमी होतो. लहान मुलांना भिंगात डोकावू देऊ नये, डोळ्यांस इजा होते.

६) चित्र थांबवा, हाताने करून घ्या

यंत्र चांगले असले तरी नुसते पाहून माणूस विसरतो. 'डिजिटल ग्रीन' हा उपक्रम २००६ मध्ये बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झाला आणि पुढे स्वतंत्र संस्था बनला. बॅटरीवरचे छोटे प्रोजेक्टर त्यांनी खेडोपाडी बचत गटांत नेले. त्यांच्या पद्धतीतील दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पडद्यावर जवळपासचेच शेतकरी दिसतात. शिवाय दाखविणारी व्यक्ती मध्येच चित्र थांबवून प्रश्न विचारते आणि चर्चा घडवते.

आपणही तेच करावे. चित्रफीत ८ ते १० मिनिटांची असावी आणि आपल्याच भागातील शेतावर, आपल्या बोलीत मोबाईलवर काढलेली असावी. प्रत्येक कृतीनंतर ती थांबवावी. घमेल्यात चिखल घ्यावा, काड्या खोचून जोडओळी कराव्यात आणि ब्रिकेटऐवजी खडा देऊन प्रत्येकाकडून खोचून घ्यावा.

पुढच्या वर्षी आम्ही जूनची वाट पाहिली नाही. मे महिन्यातच, रात्री ८ वाजता, शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर ६० इंची चित्र दाखविले. घमेले पुढे सरकविले तेव्हा एका आजींनी खडा रुंद ओळीत खोचला. शेजारच्या सुनेने तो उचलून चार काड्यांच्या मधोमध ठेवला आणि चौकोन कोणता, हे आम्ही बोलण्याआधीच आजींना समजावून सांगितले. लावणीच्या दिवशी त्या दोघींच्या खाचरात आम्ही ब्रिकेट उकरून पाहिल्या. त्या जागेवर होत्या.

तेव्हा बंधू-भगिनींनो, प्रोजेक्टर घेण्यापूर्वी माणसे किती, अंधार केव्हा पडतो, भिंत कशी आणि वीज आहे का, हे चार प्रश्न गटात बसून सोडवावेत. उत्तरे मिळाली, की किती ल्युमेन आणि केवढी बॅटरी लागेल, हे आपोआप ठरेल. आणि सभा लावणीच्या निदान महिनाभर आधी घ्यावी.